बागेतले पक्षी: नाव नंतर, आधी तो काय करतोय ते बघा

विचारलंय ते थोडक्यात असं: घराभोवती छोटी बाग आहे, तीन-चार झाडं, थोडी झुडपं, कुंड्या. कावळा, चिमणी, साळुंकी आणि पारवा सोडले तर बाकीचे सगळे पक्षी 'काहीतरी बारकं होतं, उडालं' या एकाच खात्यात जमा होतात. दाणे टाकून पाहिले तर पारव्यांनीच ठाण मांडलं. एक पक्षी खिडकीच्या काचेवर रोज चोची मारतो. आता दुर्बीण कोणती घ्यावी, आणि ओळखायला शिकायचं कुठून?

दुर्बिणीचं पुढे सांगतो, सुरुवातीला तिच्यावाचून काही अडत नाही.

बागेत पक्षी बघण्याचा मोठा फायदा असा की तोच पक्षी उद्या परत येतो. रानात एखादा पक्षी क्षणभर दिसतो आणि त्यात जे टिपलं तेवढंच हाती लागतं. बागेतले बरेचसे पक्षी आपापली हद्द धरून राहणारे. त्यांच्या यायच्या वेळा, बसायच्या फांद्या, पळून जायच्या वाटा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. म्हणून नवशिक्याने चित्रांचं पुस्तक उघडून शंभर नावं पाठ करायला बसू नये. एकच पक्षी धरावा आणि आठवडाभर त्याचाच पिच्छा पुरवावा. मी सगळ्यांना लालबुड्या बुलबुल सुचवतो. तो बहुधा येतच असतो, फार बुजरा नसतो, आणि त्याच्याकडे बघण्यासारखं पुष्कळ असतं. डोकं काळं, त्यावर आखूड तुरा, शेपटीखाली लाल ठिपका एवढं सगळ्यांना दिसतं. पण तो पाठमोरा उडतो तेव्हा शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकतो, आणि शेपटीचं टोकही पांढरं असतं. एकदा हे डोळ्यात बसलं की लाल ठिपका दिसो न दिसो, उडत्या बुलबुलाला तुम्ही चुकणार नाही. तो फळं खातो, किडे धरतो, फुलांच्या पाकळ्याही कुरतडतो. जोडीतला एक खाली उतरला की दुसरा वर थांबून राहतो. अशी एकाची नीट ओळख झाली की तो तुमचं माप होतो: नवा पक्षी बुलबुलापेक्षा लहान की मोठा, त्याची शेपटी बुलबुलापेक्षा लांब की आखूड.

बहुतेकांचं लक्ष पहिल्यांदा रंगाकडे जातं. रंग फसवतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तपकिरी पक्षी सोनेरी दिसतो, आणि उजेड मागून आला की सगळेच काळे. माझा क्रम असा: आकार, चोच, शेपटी, वागणं, आणि मग रंग. चोच जाड आणि शंकूसारखी असेल तर दाणे फोडणारा. बारीक टोकदार असेल तर किडे वेचणारा. लांब आणि खाली वाकलेली असेल तर फुलात घालणारा. शेपटी उभी धरतो की खाली सोडतो? झटके देतो का? पंख्यासारखी पसरतो का? एखादा पक्षी सतत शेपटीचा पंखा उघडून फांदीवर डावी-उजवीकडे वळत असेल, तर त्याचा रंग न बघताही तो नाचण आहे हे सांगता येतं.

झाडाच्या कुठल्या मजल्यावर तो आहे, हेसुद्धा बघा. पाचोळा उलटापालटा करत, कलकलाट करत घोळक्याने फिरणारे ते सातभाई. झुडपाच्या आत, जमिनीपासून फूटभर-दोन फुटांवर कुजबुज चाललीय तिथे शिंपी किंवा वटवट्या. शेंड्याला वाळक्या फांदीवर एकटाच अंगाचा गोळा करून बसलेला तांबट किंवा होला. मधल्या पानोळ्यातून आठ-दहा जणांचा थवा पानन्‌पान तपासत, बारीक आवाज करत पुढे सरकत गेला, अंग हिरवट-पिवळं आणि डोळ्याभोवती पांढरं कडं दिसलं, तर तो चष्मेवाला. तो एकदा दिसला की पाठोपाठ बाकीचेही येतात, म्हणून हलू नका.

शिंप्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या 'काहीतरी बारकं होतं' या खात्यात निम्मा वाटा त्याचाच असणार. चिमणीहून लहान, पाठ शेवाळी हिरवी, पोट मळकट पांढरं, कपाळ विटकरी, शेपटी बहुतेक वेळा उभी. आवाज मात्र अंगाच्या मानाने दांडगा: 'टुविट टुविट टुविट', एकाच लयीत, कितीतरी वेळ. आवाज काढताना गळ्याच्या बाजूला एक काळसर डाग उघडा पडतो. ओरडणं थांबलं की तो पिसांखाली जातो. रुंद पानाच्या कुंडीजवळ हा पक्षी सारखा घोटाळताना दिसला तर पानं लांबूनच निरखा. मादी पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडते आणि त्यातून कापूस, वनस्पतींचे तंतू किंवा कोळ्याचं जाळं ओवून पानाची पुरचुंडी शिवते. गाठ मारायची गरज पडत नाही. तंतूचं टोक भोकाबाहेर आलं की पिंजल्यासारखं फुलतं आणि तिथेच अडकून बसतं. पान जिवंत असल्यामुळे बाहेरून ते नुसतं वळलेलं पान वाटतं. आत मऊ अस्तराची वाटी असते. झाडांना पाणी घालणाऱ्यालाही महिनाभर पत्ता लागत नाही.

त्याच्याच शेजारी राहणारा राखी वटवट्या. पाठ राखाडी, पोटावर फिकट बदामी छटा, डोळा तांबूस, शेपटी लांब आणि सैल. दोघांत गोंधळ होतो खरा, पण वटवट्या एका झुडपावरून दुसऱ्यावर उडाला की 'कट्-कट्' असा, बारीक काटकी मोडल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की विषय संपला. गंमत म्हणजे हाही कधीकधी पानं शिवतो, त्यामुळे शिवलेलं पान दिसलं म्हणून लगेच शिंप्याच्या नावावर टाकू नका.

ओळखीत गोंधळ होण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे नर-मादीचे वेगळे पोशाख. दयाळ नर काळा-पांढरा, झगझगीत. मादी त्याच जागी राखाडी. कोकिळाचा नर काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. 'कुहू' म्हणणारा तो नर. मादी 'किक्-किक्-किक्' असा तीक्ष्ण आवाज करते आणि पुष्कळ लोक तिला वेगळाच पक्षी समजतात. जांभळ्या सूर्यपक्ष्याचं तर आणखी वेगळं. विणीच्या हंगामात नर गडद निळा-जांभळा चमकतो, आणि हंगाम संपला की ती पिसं गाळून जवळजवळ मादीसारखा होतो: वर मळकट, खाली पिवळट, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. ही रेघ दिसली तर तो नर. असे मधल्या अवस्थेतले, अर्धे चमकणारे, ठिगळं लावल्यासारखे नरही दिसतात. पुस्तकातल्या चित्राशी ते जुळत नाहीत म्हणून नवी जात सापडली असं समजू नका.

सूर्यपक्षी फुलाशी काय करतो तेही बघा. लहान फुलात तो समोरून चोच घालतो. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाला मात्र पुष्कळदा बाजूने बुडाशीच चोच खुपसून मध काढतो. मध घेतला, पण परागांशी संबंधच आला नाही. फुलाच्या दृष्टीने ही चोरीच.

आता कान. बागेतल्या पक्ष्यांपैकी निम्मे तरी दिसण्याआधी ऐकू येतात, आणि ज्याला आवाज कळले त्याची बाग दुप्पट होते. सुरुवात तांबटापासून करा. 'टुक्-टुक्-टुक्', थांबायचं नावच नाही. हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा असा हा पक्षी समोरच्या शेंड्यावर असूनही पटकन सापडत नाही, कारण ओरडताना तो मान या बाजूला त्या बाजूला वळवतो आणि आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. दुर्बीण असेल तर बघा, चोच मिटलेलीच असते. प्रत्येक 'टुक्'ला गळा फुगतो.

त्यानंतर शिकायचा तो धोक्याचा आवाज, आणि माझ्या मते पक्षी बघणाऱ्याला सगळ्यात जास्त फळ देणारा हाच. बुलबुल, साळुंक्या, खारी असे सगळे एकाच वेळी, एकाच दिशेला तोंड करून करवादायला लागले की काम टाकून बाहेर यावं. झाडात मांजर असेल, साप असेल, घुबड झोपलेलं असेल नाहीतर शिक्रा नावाचा शिकारी पक्षी असेल. बसलेल्या शत्रूभोवती पक्षी मुद्दाम गोंगाट करतात, म्हणजे त्याचा डाव उघडा पडतो. उडत्या शिकाऱ्याला मात्र ते वेगळा प्रतिसाद देतात: एखादी बारीक, वरच्या पट्टीतली शिट्टी आणि लगेच सगळी बाग चिडीचूप. कुठून आली ते कळू नये अशीच ती शिट्टी असते. अशी शांतता अचानक पडली तर वर आकाशात बघा.

आवाज ओळखणारं 'मर्लिन' नावाचं ॲप कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने काढलं आहे, फुकट आहे, आणि कामाचं आहे. पण ते सांगेल त्यावर शिक्का मारू नका. ॲपने नाव सुचवलं की तो पक्षी डोळ्यांनी शोधा. सापडला तरच नोंद करा. आणि एक कळकळीने सांगतो: मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो खाणं आणि पिल्लं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो.

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दोन तास. दयाळ तर उजाडायच्या आधीच गायला लागतो. दुपारी हालचाल मंदावते, संध्याकाळी पुन्हा थोडी जाग येते. बसायची जागा एकच ठेवा, मागे भिंत किंवा झाड असलेली, म्हणजे तुमची आकृती उठून दिसत नाही. स्थिर बसलेल्या माणसाकडे पक्षी थोड्या वेळाने दुर्लक्ष करतात. हात वर करून बोट दाखवणं मात्र त्यांना अजिबात चालत नाही.

वही ठेवा. तारीख, वेळ, हवा, कुठल्या झाडावर, काय करत होता. नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडा आणि वेडंवाकडं का होईना, चित्र काढा. चित्र काढताना कळतं की चोच आपण पाहिलीच नव्हती; दुसऱ्या दिवशी डोळे आपोआप तिथे जातात. पुस्तक उघडायचं ते हे सगळं लिहून झाल्यावर, कारण आधी उघडलं तर आपण पाहिलेलं न लिहिता छापलेलं लिहितो. वर्षभर वही चालली की एकेक पक्षी वेगळा ओळखू यायला लागतो: हा शेपटीचं एक पीस तुटलेला बुलबुल, ही एका पायाने लंगडणारी साळुंकी. विणीनंतर पिसं गळायच्या दिवसांत काही पक्षी शेपटीविना किंवा चक्क टकले दिसतात. बहुधा तो आजार नसतो, पिसं परत येतात. तसंच भर उन्हात पंख पसरून, चोच उघडी टाकून जमिनीवर आडवा झालेला पक्षी बघून लोक धावत जातात. तो बहुतेकदा ऊन खात असतो. तुम्ही जवळ गेलात की ताडकन उडतो.

नोंदी इतरांच्या कामी याव्यात असं वाटलं तर 'मर्लिन' काढणाऱ्या त्याच प्रयोगशाळेशी जोडलेलं 'ईबर्ड' हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ आहे, 2002 पासून चालू. फेब्रुवारीत चार दिवस बागेतल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते, 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाने. ती 1998 मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि 2013 पासून जगभर खुली आहे. किमान 15 मिनिटं बसून दिसले तेवढे पक्षी मोजायचे, एवढंच काम. नवशिक्याला सहज जमतं.

दुर्बीण. तिच्यावर 8×42 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बागेसाठी 8×42 किंवा 8×32 घ्या. 10 पटीची मोहात पाडते, पण हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो, मग पानात हलणारा शिंपी सापडता सापडत नाही. बागेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासा: किती जवळचं स्पष्ट दिसतं? दोन मीटरवरचं दिसायला हवं, पाच मीटर म्हणत असतील तर सोडून द्या. वापरताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. पक्षी सोडून दुर्बिणीतून झाड शोधत बसलात तर तो गेलाच. 16×, 20× असं छापलेल्या खेळण्यांवर पैसे घालवू नका.

आता पारवे. दाणे टाकले की दाणे खाणारेच येणार, आणि त्यात जो सगळ्यात दांडगा तो बाकीच्यांना हुसकावणार. शिंपी, नाचण, दयाळ, सूर्यपक्षी, चष्मेवाला यांतला एकही तुमच्या दाण्यांकडे ढुंकून बघत नाही. चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवतात. म्हणून दाणे हा माझ्या दृष्टीने शेवटचा उपाय. ठेवायचेच असतील तर आखूड दांड्यांचं, टांगायचं नळीसारखं पात्र वापरा, त्यावर पारव्याला नीट बसता येत नाही. आणि खाली सांडलेलं रोज झाडून काढा, नाहीतर उंदीर येतात. पात्र आठ-पंधरा दिवसांनी घासून, धुऊन, कडकडीत वाळवा. एकाच जागी गर्दीने खाणाऱ्या पक्ष्यांत आजार झपाट्याने पसरतात. फुगून, डोळे मिटून बसलेला पक्षी तिथे दिसला तर काही आठवडे दाणे बंद. ब्रेड आणि खारवलेलं काहीही ठेवू नका.

दाण्यांच्या जागी पाणी ठेवा. पाणी सगळ्यांनाच लागतं. मातीचं पसरट परळ चांगलं, तळ खरबरीत हवा, खोली पाच सेंटिमीटरच्या वर नको. खोल भांडं असेल तर आत एक दगड ठेवा. जागा अशी की दोन-तीन मीटरवर फांदी आहे, पण अगदी लागून झुडूप नाही, कारण झुडपाआड मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला. डासाच्या अंड्याचा डास व्हायला उन्हाळ्यातही साधारण आठवडा लागतो, त्यामुळे रोज ओतलं तर डासांचा प्रश्नच येत नाही. आणि तिथेच बसून बघा, पाणी पिण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. बुलबुल घोट घेतो, मान वर करतो, गिळतो, परत वाकतो. होला आणि पारवा मात्र चोच बुडवून, मान वर न करता, ओढून पितात.

पाण्याच्या पुढची पायरी म्हणजे बाग जरा कमी नीटनेटकी ठेवणं. कीटकनाशकं फवारणं बंद करा. ज्या अळ्या तुम्ही मारता त्यावरच पिल्लं वाढतात. झुडपाखालचा पाचोळा राहू द्या, सातभाई आणि दयाळ तो चाळतात. एखादी वाळकी जाड फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर तोडू नका, तांबट अशाच लाकडात घर कोरतो. नळीसारख्या फुलांची झाडं लावलीत तर सूर्यपक्ष्यांसाठी साखरपाणी टांगायची गरज उरत नाही. तुमचं मांजर असेल तर निदान सकाळ-संध्याकाळ ते घरात ठेवा.

काचेवर चोच मारणारा पक्षी वेडा झालेला नाही. त्याला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि तो त्याला दुसरा नर समजून झुंजतो. बुलबुल, दयाळ, चिमणी सगळे हे करतात, बहुधा विणीच्या दिवसांत. आतून पडदा ओढून उपयोग होत नाही, कारण प्रतिबिंब बाहेरच्या बाजूला पडतं. काचेला बाहेरून कागद किंवा कापड लावा, काही दिवसांत तो नाद सोडतो. पक्षी उडत येऊन काचेवर आदळणं हा मात्र वेगळा आणि जिवावरचा प्रकार. काचेत दिसणारं झाड त्याला खरं वाटतं. एखादं ससाण्याचं चित्र चिकटवून काही होत नाही. बाहेरच्या बाजूने पूर्ण काचेवर दर पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा हव्यात. आदळून सुन्न झालेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी घालू नका. तास-दोन तासांनी खोकं बाहेर नेऊन उघडा. तरीही उडाला नाही तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे द्या.

घरटं सापडलं तर पानं बाजूला सारून फोटो काढायचा मोह आवरा. आडोसा गेला की ऊन आणि कावळा दोन्ही आत पोचतात. जमिनीवर पिल्लू दिसलं तर आधी पिसं बघा. पिसं आलेली, शेपटी आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या, आणि टुणटुण उड्या मारतंय, तर ते घरट्यातून पडलेलं नसतं, बाहेर पडलेलं असतं. आईबाप जवळच असतात आणि तुम्ही दूर झाल्याशिवाय भरवायला येत नाहीत. मांजर-कुत्र्यापासून वाचवायला फार तर जवळच्या झुडपात ठेवा. उघडंबोडकं, डोळेही न उघडलेलं असेल तर घरटं शोधून परत आत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते हा गैरसमज आहे.